वऱ्हाडाचा मान

कुरणवाडीच्या माळावर एक वऱ्हाड उभं होतं. अकरा दगड होते. काळे, माणसाच्या उंचीचे, कुणीतरी मागून हाक मारली म्हणून चालता चालता थांबावं तसे. हाक कुणी मारली तेही गावाला ठाऊक होतं. पूर्वी कधीतरी असाच दुष्काळ पडला होता. लग्नाचं वऱ्हाड माळावरून चाललं होतं, बरोबर पाण्याच्या पखाली होत्या. वाटेत एका म्हातारीनं घोटभर पाणी मागितलं. नवरदेवाचा बाप म्हणाला, मुहूर्त टळतोय, येताना देऊ. म्हातारी म्हणाली, मग यायचं राहू द्या. त्यानंतर ते वऱ्हाड पुढंही गेलं नाही आणि मागंही आलं नाही. प्रत्येक दगडाभोवती बैलगाडीभर धोंड्यांचा ढीग होता. ते वऱ्हाडाचं सामान.

यातली नवरी कोणती आणि करवली कोणती यावर गावात दोन तट होते. बाकी सगळ्यावर एकमत. लग्न निघालं की पहिली अक्षत वऱ्हाडाला. वरात माळाजवळून जाताना वाजंत्री बंद. आणि दगडाला लोखंड लावायचं नाही. जो लावेल त्याच्या घरचं एक माणूस त्या दगडाच्या जागी जाणार. जागा मोकळी राहत नसते.

अक्षत ठेवायचा आणि नारळ फोडायचा पहिला मान कुणाचा, एवढं मात्र ठरलेलं नव्हतं. तात्याबा धनगर म्हणे, माझा. माझा पणजा या दगडांच्या सावलीत मेंढरं बसवायचा. शरणप्पा म्हणे, माझा. माळाची जमीन माझ्या आजाची. शरणप्पाचं घर गावात सगळ्यात मोठं, त्यामुळं त्याचं म्हणणंही मोठं होतं. वीस वर्षं दर लग्नात दोन नारळ फुटत आले होते. एका लग्नात तात्याबाचं कपाळ आणि नारळ एकदमच फुटले. कपाळाला चार टाके पडले. तेव्हापासून तात्याबा पटका जरा मागं सरकवून बांधायचा, खूण दिसावी म्हणून.

त्याची बायको केराबाई हिला या मानाचं कधी कौतुक वाटलं नव्हतं. मान घरी येतो तो जेवून येत नाही, चार माणसं जेवायला घेऊन येतो, एवढाच तिचा अनुभव.

बहात्तरचा पाऊस आला नाही. निम्मी मेंढरं मेली. उरलेली घेऊन केराबाईचा मुलगा बिरदेव भीमा ओलांडून तिकडं कानडी मुलखात चाऱ्यामागं गेला. घरी राहिली चौघं. तात्याबा, केराबाई, तात्याबाची आई मायाक्का, आणि बिरदेवाची बायको चिमा. चिमाला सातवा महिना लागला होता. मायाक्का सोडून तिघंही दुष्काळी कामावर होती. मोहोळला जाणाऱ्या रस्त्याची खडी फोडायची.

खडी फोडायला फार अक्कल लागत नाही, फक्त कंबर लागते. सायकलच्या टायरचं कडं करायचं, दगड त्यात धरायचा आणि हातोडा मारायचा. कडं धरणाऱ्या हाताची बोटं पहिल्या आठवड्यात सुजतात, दुसऱ्या आठवड्यात फुटतात, तिसऱ्यात त्यांना कळेनासं होतं. चिमा पोटामुळं पुढं वाकू शकत नव्हती. ती पाय पसरून बसायची, कडं मांडीजवळ घ्यायची आणि कपच्या उडाल्या की डोळे मिटायची. डोळे मिटलेले असताना हातोडा कुठं पडतो ते केराबाई बघायची. संध्याकाळी मिलोच्या तांबड्या भाकरी. तो जोंधळा परदेशातून आला होता आणि परक्यासारखाच पोटात बसायचा.

माघ संपता संपता अर्ध्या कोसातला सगळा दगड फोडून झाला. बांध गेले, जुन्या विहिरीचा दगडी काठ गेला, ओस गावठाणातल्या घरांचे पाये गेले. कामावर एक ओव्हरसियर होता. गाव त्याला खडीसाहेब म्हणायचं. त्यानं माळावर दुर्बीण लावून पाहिलं आणि म्हणाला, "रस्त्याची लाइन या दगडांमधूनच जाते. सोमवारपासून हे घ्यायचे."

माणसं हातोडे खाली ठेवून एकमेकांकडं बघू लागली.

"नसतील घ्यायचे तर सांगा. मी वरती कळवतो की कुरणवाडीत दगड संपला. मस्टर बंद. पुढचं काम बारा मैलांवर आहे. रोज चालत जा."

शुक्रवारी सकाळी चावडीपुढं गाव बसलं. दगड फोडायला हवेत यावर अर्ध्या घटकेत एकमत झालं. सव्वाशे माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. राहिला प्रश्न पहिला घाव कुणी घालायचा.

"वडारांस्नी सांगा."

"वडार परवाच पाल उचलून गेलं. म्हनलं, आमचा धंदा दगडाचा हाय, मानसांचा न्हाई."

"मग साहेबांनी घालावा. तेंचा देव येगळा."

खडीसाहेब बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "सरकारी नोकराला काम करता येत नाही. देखरेख करता येते." असं म्हणताना त्यानं खिशावर हात ठेवला. त्या खिशात दुर्बीण लावल्या दिवसापासून लिंबू होतं हे त्याला चहा देणाऱ्या बाईनं सगळ्यांना सांगून झालं होतं.

मग शरणप्पा उठला. धोतराचा सोगा सावरला, छत्री पारावर टेकवली आणि हात जोडले.

"शिवा शिवा. मंडळी, मी आज खरं बोलनार. वीस वर्सं मी ह्या मानापायी तात्याबाशी भांडलो. चुकलो मी. माळ आमचा आसंल, पर वऱ्हाड तेंच्या पनज्याचं. मान तात्याबाचा हाय. नारळ तेचा, अक्षत तेची, आनि घाव बी तेचाच. आज पंच आनि गाव साक्षी."

त्यानं कोरा तांबडा पटका काढला. तो सोबत घेऊनच आला होता. तात्याबाच्या डोक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं तो बांधला, आणि बांधताना कपाळावरची खूण झाकली जाणार नाही याची काळजी घेतली. तात्याबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

केराबाई बायकांत बसली होती. जत्रेत बोकडाला हार घालतात तेव्हा बोकडही असाच ऐटीत इकडंतिकडं बघतो, हे तिच्या मनात आलं. बोकडाला तरी आधी पाणी दाखवून अंगावर शिंपडतात, तो शहारला तर कौल मिळाला म्हणतात. इथं शहारायला कुणी वेळच दिला नाही.

घरी आल्यावर मायाक्का म्हणाली, "लोकंड लावू नगं बाबा."

"आये, शरणप्पानं चारचौघांत डोई लवीवली."

"त्येनं डोई लवीवली ती तुझी मापून घ्याला."

"आता न्हाई म्हनलो तर मान कायमचा गेला. माजा बा ह्याच्यापायी—"

"तुजा बा ताप येऊन मेला," मायाक्का म्हणाली.

केराबाई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "अवं, मान नगं म्हना की. सांगा, हात दुकतोय. पाठीत लचक भरलीया म्हना."

"सव्वाशे मानसं माज्या हाताकडं बगाल्यात," तात्याबा म्हणाला. त्यानं हात पुढं करून पाहिला. खडी फोडून फुटलेला, चिंध्या गुंडाळलेला हात होता. त्याला तो बरा वाटला असावा. त्या दिवशी त्यानं पटका काढला नाही. जेवतानाही नाही.

सोमवारी सकाळी वऱ्हाडापुढं एकच नारळ फुटला, वीस वर्षांत पहिल्यांदा. तात्याबानं घण उचलला. सगळे चार पावलं मागं सरले, मग अजून दोन. घाव बसला तेव्हा आवाज दगडाचा आला. काही जणांना तो पुरेसा वाटला नाही. दुसऱ्या घावाला दगडाचा खांदा निखळला, तिसऱ्याला तो मधोमध उभा तडकला. आत तो बाहेरच्यासारखाच काळा होता. मग मुकादमानं हाक दिली आणि गर्दी त्या दगडावर आणि त्याच्या सामानावर तुटून पडली. पहिला घाव दुसऱ्याचा झाल्यावर माणूस फार मोकळेपणानं काम करतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारीण आली. "केराबाई, घरची समदी बरी हायत न्हवं?"

"हायत की."

"आत्याबाई?"

"त्या बी."

"सूनबाई?"

"बरी हाय."

"बिरदेवाचं पत्तर?"

"न्हाई आलं."

"आसू दे, आसू दे," शेजारीण म्हणाली आणि पुढं जाऊन सांगून आली. तिच्यामागून दुसरी आली. मग पुरुषही येऊ लागले. रस्त्यानं जाता जाता थांबायचे, वाकून दारातून आत बघायचे, ओट्यावर मायाक्का बसलेली दिसली की "बरं हाय न्हवं म्हातारे?" विचारायचे आणि जरा हिरमुसून निघून जायचे. इतकी वर्षं गावात काढली, पण आपल्या तब्येतीची इतकी चौकशी झाल्याचं केराबाईला आठवत नव्हतं.

आठव्या दिवशी भर दुपारी मायाक्का ओट्यावरच गेली. पाणी मागितलं, कंबर धरल्यामुळं त्या दिवशी घरी राहिलेली चिमा आणायला आत गेली, बाहेर आली तर म्हातारी भिंतीला टेकून तशीच. ऐंशीच्या घरातली बाई, गेली दहा वर्षं दर उन्हाळ्यात मरायची आणि दर आषाढात उठून बसायची. पण गावानं यंदाचा हिशेब वेगळा लावला. मयताला अख्खं गाव आलं. रडले. आणि परत जाताना केराबाईच्या कानावर आलं, "चला, येक जागा भरली."

कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास केराबाईच्या मानेला लागला.

पहिल्या दगडाचं सामान सरत आलं होतं. दुसऱ्याला घाव घालायचा होता आणि मानकऱ्याला तेरा दिवसांचं सुतक. खडीसाहेब म्हणाला, दगडाला सुतकाची रजा नसते. शरणप्पा गुरवाकडं जाऊन आला. गुरवानं सांगितलं, दुष्काळात देवाचंही सगळं कमी झालंय, सुतक तीन दिवसांत फिटायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी तात्याबा घण घेऊन निघाला तेव्हा केराबाई दारात आडवी उभी राहिली.

"सासू गेली. आता फुडं काय?"

"म्हातारी झालीती."

"म्हातारी झालीती तर गाव का म्हनतंय जागा भरली म्हनून?"

"गावाचं तोंड काय धरता येतंय?"

"गावाचा घण तर धरलाया की तुमी."

तात्याबानं तिच्याकडं बघितलं नाही. "मी न्हाई म्हनलो तर आज सव्वाशे चुली बंद. त्यात आपली बी येक. सर."

ती सरली. चुलीपुढं सगळ्यांनाच सरावं लागतं.

दुसरा दगड पडला. त्या दिवसापासून खडीवर बायका चिमाच्या जवळ बसेनात. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी चिमा जिथं बसेल तिथून दहा हात जागा आपोआप मोकळी व्हायची. तिच्याकडचा पाण्याचा तांब्या कुणी घेईना. तिनं कुणाचा मागितला तर लांब ठेवून "घे बाई" म्हणायच्या. चिमा वीस वर्षांची. आधी तिला वाटलं, पोटुशी म्हणून आपल्याला ऐसपैस जागा देतात. तिनं हे सासूला कौतुकानं सांगितलंही. केराबाई म्हणाली, "व्हय, चांगल्या हायत बाया," आणि हातोडा स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला.

दुपारच्या सुट्टीत पुरुष बाभळीखाली बसत. त्यांची चर्चा तिला ऐकू यायची. कुणी हळू बोलायची तसदीही घेत नव्हतं.

"दगड आकरा. मानसं?"

"पाच हुती. म्हातारी गेली, ऱ्हायली चार."

"पोटातलं धर की."

"पोटातलं धरत्यात का?"

"धरायला पायजे. पाच झाली मग."

"तरी बी पुरत न्हाईत. लेक हाय की केमला दिल्याली."

"दिल्याली लेक दुसऱ्याच्या घरची. तिला कसं धरतासा?"

यावर बराच खल झाला. शरणप्पा तिथंच छत्रीखाली उभा होता. दर घावाला तो नारळ घेऊन हजर असायचा, मान नीट दिला जातोय ना ते बघायला. तो समजूतदारपणे म्हणाला, "आदी घरातली तर हू द्या. आत्ताच केमपतूर कशाला जाताव?"

चैत्रात तिसरा दगड पडला. त्याच आठवड्यात भीमेपलीकडून एक मेंढका आला. त्यानं सांगितलं की तिकडं एक कुरणवाडीकडचा धनगर उन्हानं रानात पडला. मेला की उठला ते त्याला माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. केराबाईनं त्याला भाकरी दिली आणि हात जोडून विनवलं, हे गावात बोलू नको. मेंढका म्हणाला, न्हाई बोलत. तो गावातूनच आला होता. तासाभरात दोघी बायका चिमाला सांगून गेल्या. त्यांनी वाईट वाटून घेतलं, पदर डोळ्याला लावला आणि तिला धीर दिला, "नाव कळंस्तवर रडू नगंस."

चिमा रडली नाही. ती जेवायची थांबली. केराबाई भाकर कुस्करून, पाण्यात भिजवून तिच्या तोंडाशी धरायची. "खा माजे आई. खा. त्येला काय झालं न्हाई. मला ठावं हाय."

"तुमास्नी कसं ठावं, आत्ती?"

केराबाईला ठाऊक नव्हतं. तात्याबा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. पटका अजून डोक्यावर होता, पण त्याच्या आतलं डोकं दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं. खूणही आता पटक्याखाली सरकली होती. ती वर काढायचं त्याला सुचत नव्हतं.

चौथ्या दगडाचा दिवस आला. सकाळी आठलाच माळ तापला होता. वारा नव्हता. उरलेले आठ दगड नेहमीपेक्षा जवळ जवळ उभे आहेत असं केराबाईला वाटलं. मधले तीन गेल्यामुळं तसं वाटत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. सगळे जमले. शरणप्पानं नारळ पुढं केला. तात्याबानं घण उचलायला हात घातला आणि त्याच वेळी मागं दहा हातांच्या मोकळ्या जागेत चिमा खाली बसली. आधी एका हातावर, मग कुशीवर. तिच्या तोंडून आवाज आला तो बाईचा नव्हता, गाभण जनावराचा होता.

केराबाई धावली. लुगडं ओलं झालेलं तिनं पाहिलं. नववा नुकता लागला होता.

सुईण लांब नव्हती. गावातली सगळी बाळंतपणं करणारी सुंदरम्मा खडीवरच होती. वीस पावलांवर टोपली घेऊन उभी होती. केराबाई ओरडली, "सुंदरम्मा, ये गं! लवकर ये!"

सुंदरम्मा जागची हलली नाही. तिनं टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"अगं ये की! बगालीस काय?"

"अय्यो, केराबाई," सुंदरम्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कसं येऊ? तीन दगड पडलं. येक भरली, दोन जागा मोकळ्या हायत. मी मदी हात घातला तर माजाच हात धरंल की. लेकरं हायत मला."

"बिरदेवाला तूच काडलंस. ह्याच हातानं."

"तवा दगड हुबं हुतं गं."

केराबाईनं गर्दीकडं पाहिलं. सव्वाशे माणसं होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दया होती. एकही चेहरा कठोर नव्हता. सगळे थांबले होते, पाहुणे गाडीत बसेपर्यंत थांबावं तसे. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर पदरानं वाराही घातला, पण जागेवरूनच.

चिमानं सासूचा हात धरला. "आत्ती, त्यो आला न्हाई का वो?"

केराबाईनं तो हात अलगद सोडवला. ती उठली, तात्याबाजवळ गेली आणि त्याच्या हातातून घण घेतला. त्यानं तो दिला. कुणीतरी घ्यावा याची तो वाट बघत असावा, इतक्या सहज दिला. ती चौथ्या दगडापुढं जाऊन उभी राहिली.

"केराबाई, नारळ न्हाई फुटला अजून," शरणप्पा म्हणाला.

"नारळ ऱ्हाऊ द्या." तिनं घण खांद्यावर घेतला आणि गर्दीकडं तोंड केलं. "मान आमच्या घरचा. समद्या गावानं दिलाय. तवा घाव कुनाच्या नावानं घालायचा ते बी आमीच ठरीवनार. ह्यो दगड सुंदरम्माच्या घरचा."

आणि तिनं घण वर उचलला.

"बेड! बेड!" नको, नको म्हणत सुंदरम्मा टोपली टाकून धावली. ती दगडाकडं धावली नाही, थेट चिमाकडं गेली. गुडघे टेकले, बाह्या मागं सारल्या आणि ओरडली, "पानी आना! चादर धरा कुनीतरी! मेल्यांनो, पाट फिरवा तिकडं!"

केराबाईनं घण खाली घेतला नाही. तो खांद्यावर ठेवून ती दुसऱ्या बाईकडं वळली. "पानी."

त्या बाईनं आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. दहा हातांवर ठेवून नाही, हातात दिलं.

"लुगडं." उन्हासाठी डोक्यावर घेतलेली जुनी लुगडी दोघींनी काढून दिली. चौघींनी धरून आडोसा केला. "बाज." दोन गडी गावाकडं पळत सुटले. केराबाई फक्त माणसाकडं बघायची, मग दगडाकडं बघायची. नाव घ्यायची पाळी पुन्हा आली नाही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा चौथ्या दगडाच्या आखूड सावलीत चिमाला मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली. सुंदरम्मानं नाळ बांधली, पोरीला तिच्याच आईच्या पदरात गुंडाळलं आणि म्हणाली, "दोगी बी हायत. दोगी बी हायत गं केराबाई." हे सांगताना तिनं भोवती अशा नजरेनं पाहिलं, जणू हा आपला गुन्हा आहे.

गर्दी पांगली नव्हती. खडीसाहेबानं घड्याळ बघितलं. "अर्धा दिवस गेला. पहिला घाव कधी पडणार? नाहीतर मी हजेरी कापतो."

आता सगळे केराबाईकडं बघू लागले. प्रत्येकजण किंचित दुसऱ्याच्या मागं सरकला. गर्दी आपल्यातच लपू पाहत होती.

"शरणप्पा अण्णा," केराबाई म्हणाली, "या."

"मी?" शरणप्पा हसला. "मान तर तुमचा, बाई."

"आमचाच हाय की. आमचा हाय म्हनून तर देता येतोय. तुमी चारचौघांत दिलासा, आमी बी चारचौघांत देतो. पंच आनि गाव साक्षी."

शरणप्पानं गावाकडं पाहिलं. गावानं विचार करायला फार वेळ घेतला नाही. शरणप्पाचं घर मोठं होतं. बायको, तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं, शिवाय एक विधवा बहीण. बाभळीखाली बसणाऱ्या एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दुसऱ्यानं उरलेल्या दगडांवरून नजर फिरवली आणि मान डोलावली. आठ होते. पुरलं असतं.

मग कुणीतरी आदरानं शरणप्पाच्या हातातली छत्री काढून घेतली. दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावरचं उपरणं घडी करून धरलं.

"तात्याबा," शरणप्पा म्हणाला, "तू तरी सांग की रे तुज्या बायकूला."

तात्याबा चिमाच्या बाजेशेजारी मातीत बसला होता. त्यानं डोक्यावरचा तांबडा पटका सोडला होता आणि नातीवर ऊन येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरला होता. त्यानं मान वर केली नाही.

शरणप्पा दगडापुढं आला. त्यानं जन्मात घण धरला नव्हता. दांड्याच्या भलत्याच टोकाला हात पडले. केराबाईनं त्याचे हात धरून सरकवले, एक पुढं, एक मागं. त्याचे तळवे मऊ होते, गार होते आणि घामानं भिजले होते.

"पाय फाकवा. कंबर सैल सोडा. न्हाईतर पाटीत भरंल."

"बाई," तो तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "घातल्यावर काय हुतंय गं?"

"काय न्हाई हुत," केराबाई म्हणाली. "नुसती मानसं इचारत येत्यात."

ती मागं सरली. बाकीचे केव्हाच सरले होते. शरणप्पाभोवती दहा हात मोकळी जागा पडली होती, आणि तिच्या मधोमध त्याचा घण हळूहळू वर चालला होता. केराबाई बाजेच्या कडेला टेकली आणि तिनं चिमाच्या कपाळावरचा घाम पुसला. थोरली सून, तिची दोन. मधली, तिला चौथा महिना. धाकटी, तिचं एक पाळण्यात. आपण त्याच्या घरची माणसं मोजतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं मोजणं थांबवलं नाही.